बोअरच्या पाण्याला रॉकेलचा वास आणि २५ किलो ‘जिवाणू पावडर’

मनीप्लांट | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. इथे बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

कोपरखैरण्यात राहते. सोसायटी १९९८ची, सात मजली, तीन विंग. यंदा सचिवपद कुणालाच नको होतं, ते माझ्या गळ्यात पडलं. प्यायला मोरबे धरणाचं पाणी येतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाग, गाड्या धुणं आणि फ्लश यांसाठी आवारात बोअर आहे, १८० फुटी. मार्चपासून त्या पाण्याला रॉकेलचा वास यायला लागला. पावसाळ्यात वाढला, सकाळी पहिली बादली भरली की वर रंगीत तवंग. आणि गेला महिनाभर तिसरंच काहीतरी चाललंय. रॉकेलचा वास जरा कमी, पण नासक्या अंड्यांचा वास सुरू, आणि फ्लशच्या टाक्यांत काळा थर. बोटाने पुसला तर शाईसारखा निघतो.

कमिटीत एकमत आहे (हे वर्षातून एकदाच होतं): एमआयडीसीचं सांडपाणी जमिनीखालून आपल्याकडे येतंय. परवा एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडे म्हणे तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर आहे. २५ किलो बोअरमध्ये ओतायची, तीन महिन्यांत पाणी स्वच्छ, आणि तेल संपलं की जिवाणू आपोआप मरतात. १ लाख १८ हजार, वर जीएसटी. पुढच्या रविवारी विशेष सभा आहे. जिवाणू तेल खातात हे खरं का, एवढंच आधी सांगा. मी कॉमर्सची.

शंकासुर | शनिवार, रात्री १०:३१

१ लाख १८ हजारांत माणूससुद्धा तेल प्यायला तयार होईल.

रामभरोसे | शनिवार, रात्री १०:५८

थट्टा सोडा, गोष्ट खरी आहे. आनंद मोहन चक्रवर्ती या आपल्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना तेल फस्त करणारा जिवाणू तयार केला होता. सजीवाचं पेटंट देता येतं का यावर खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने ‘ऑइलझॅपर’ नावाचं जिवाणूंचं मिश्रण बनवलंय. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीवर जिवाणू बसवलेले असतात, आणि रिफायनऱ्यांच्या तेलकट गाळावर ते वापरलं जातं. तेव्हा पावडर म्हणजे लगेच फसवणूक असं समजू नका. करून बघायला काय हरकत आहे?

शंकासुर | शनिवार, रात्री ११:०५

हरकत १ लाख १८ हजारांची आहे.

खडूफळा | रविवार, सकाळी ८:४०

ठाण्यात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. रविवार आहे म्हणून सविस्तर लिहिते.

रामभरोसे, चक्रवर्तींची गोष्ट बरोबर, पण अर्धी. तो जिवाणू तेलगळतीवर प्रत्यक्षात कधी सोडला गेलाच नाही. जनुकं बदललेला जिवाणू प्रदूषण निवारणासाठी प्रयोगशाळेबाहेर वापरायची पहिली परवानगी अमेरिकेत १९९६ मध्ये मिळाली, ओक रिजच्या सरकारी प्रयोगशाळेला, आणि तिथेही तो मोकळ्या जमिनीत न सोडता मातीने भरलेल्या मोठ्या बंदिस्त पिंपांत ठेवला होता. ऑइलझॅपर खरा आहे. पण तो गाळ उघड्यावर पसरून, खत घालून, नांगरून त्यात मिसळतात. १८० फुटी भोकात ओतत नाहीत.

मनीप्लांट, आता तुमचा प्रश्न. हो, खातात. मात्र ते विकत आणावे लागतातच असं नाही. एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांत तेल पचवू शकणारे थोडे का होईना, बहुतेक ठिकाणी सापडतात. तेल ही काही माणसाने शोधलेली वस्तू नाही, समुद्राच्या तळातून आणि खडकांतून ते लाखो वर्षं झिरपतंय. त्यामुळे ते खाणारेही तितकेच जुने. तेल सांडलं की त्यांची पिलावळ वाढते, संपलं की संख्या घटते. विक्रेता निदान एवढं खरं बोलला.

आणि तुमच्या टाकीतला काळा थर? तो त्यांचाच उद्योग आहे!

जिवाणूंना तेल ‘जाळायला’ काहीतरी लागतं. पहिली पसंती प्राणवायूला. तो संपला की नायट्रेट, मग मातीतलं लोह, मग सल्फेट. पंगतीत श्रीखंड संपलं की लोक निमूट ताकभातावर येतात, तसं. जेवण चालू राहतं, वेग मंदावतो. कोपरखैरणे खाडीला लागून आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, ते तुमच्या भूजलातही थोडंफार मुरलेलं असणार. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा तुमचा अंड्यांचा वास. तो लोहाला भेटला की काळं आयर्न सल्फाइड बनतं. ही तुमची शाई. म्हणजे रॉकेलचा वास उतरला आणि अंड्यांचा चढला, यावरून एक नक्की दिसतं की जमिनीखाली कुणीतरी कामाला लागलंय, तेही जीएसटीशिवाय.

मनीप्लांट | रविवार, सकाळी ९:१५

ताई, हे वाचून मी टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघून आले. आतापर्यंत किळस यायची, आज जरा कौतुक वाटलं. मग आम्ही काहीच करायचं नाही का?

जुना_फिटर | रविवार, सकाळी ९:४४

मॅडम, झाकण उघडून डोकावू नका. तो वायू टाकीत साठला तर माणूस दोन श्वासांत आडवा होतो. जास्त झाला की वास येणंच बंद होतं, तेव्हा वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. टाकी धुवायला कुणाला आत उतरवू नका, दिवाळीची साफसफाई तोंडावर आहे म्हणून आधीच सांगतो. मी तुर्भ्याला ३१ वर्षं युटिलिटीत काढली. बॉयलर, कॉम्प्रेसर, शेवटची सहा वर्षं ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया. असल्या वासाने आमचा एक कंत्राटी पोरगा गेलाय.

आता दोन प्रश्न. तुमचा जनरेटर कुठे आहे? आणि मार्चच्या आधी आवारात काही खोदकाम झालं होतं का?

पारसिक | रविवार, सकाळी ११:२०

फिटरकाकांचा रोख कळला. उत्तर येईपर्यंत मी भूजलाकडून चार गोष्टी टाकतो, पोट भरतं ते याच कामावर.

खडूफळा म्हणताहेत तसं जिवाणू आहेतच. अडतं ते प्राणवायूवर. एक लिटर डिझेल पूर्ण पचवायचं तर साधारण २.८ किलो प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या तापमानाला हवा खेळवलेल्या एक लिटर पाण्यात तो मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. भागाकार करा: एका लिटर डिझेलसाठी साडेतीन लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजारांचे ३५ टँकर. आता तोच प्राणवायू हवेतून द्यायचा ठरवला तर लागते १० घनमीटर हवा. दहा बाय दहाच्या खोलीत याच्या अडीचपट हवा असते. म्हणून तेल पाण्याच्या पातळीच्या वर, मातीत अडकलेलं असेल तर भोकं पाडलेला पाइप पुरायचा आणि छोट्या ब्लोअरने संथ हवा द्यायची. अमेरिकन हवाई दलाने १९९०च्या दशकात विमानाच्या इंधनाने नासलेल्या शंभराहून जास्त जागांवर हेच केलं. त्यात पावडर नव्हती.

दुसरं, आपली जमीन. या विषयावरची पुस्तकं बहुतेक वाळूच्या थरांवर बेतलेली आहेत. वाळूत पाणी सगळीकडून सारखं झिरपतं, त्यामुळे आत सोडलेलं खत किंवा हवा कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात वर भराव, मग खाडीची चिकणमाती किंवा मुरूम, आणि खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. पाणी फिरतं ते मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून. भेग कुठून कुठे जाते हे खडकालाच ठाऊक. बोअरमध्ये ओतलेली पावडर एका भेगेतून शेजारच्या सेक्टरमध्ये जाईल किंवा तळाशी गाळ होऊन पंप धरेल. तेल ज्या मातीला चिकटलंय तिथे ती पोचणार नाही हे नक्की.

तिसरं: बोअरचं केसिंग, म्हणजे आत बसवलेला पाइप, किती फूट आहे आणि बाहेरून सिमेंटने बुजवलंय का, हे बघा. नसेल तर वरचं सगळं त्या फटीतून सरळ खाली जातं. मग १८० फूट खोलीचा उपयोग शून्य.

रामभरोसे | रविवार, दुपारी १२:०२

मग खतं तरी घालायची ना? मी वाचलंय की अलास्काला खतंच मारली होती.

खडूफळा | रविवार, दुपारी १:३०

हो. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा खडकांवर नत्र आणि स्फुरद असलेली खतं फवारली गेली. तेलात कार्बन रगड, पण नत्र-स्फुरद नाही. नुसतं तूप खाऊन अंगाला मांस लागत नाही. ढोबळ हिशेब असा सांगतात की शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद. मुद्द्याची गोष्ट अशी, की त्याच किनाऱ्यावर बाजारातली तयार जिवाणू-उत्पादनंही तपासली गेली, आणि त्यांनी साध्या खतापेक्षा फार काही जास्त केल्याचं दिसलं नाही. स्थानिक जिवाणू आधीच जागा धरून बसलेले असतात. बाहेरून आलेल्यांना त्या मातीची, खारटपणाची सवय नसते. विरारच्या लोकलमध्ये दादरला चढून खिडकी मिळवायचा प्रयत्न करण्यासारखं आहे ते.

आपल्या बाजूची एक गोष्ट म्हणजे ऊब. अलास्काच्या थंडीत जे हळू चाललं ते कोकणच्या मातीत बारा महिने चालतं.

शंकासुर | रविवार, दुपारी १:४१

म्हणजे पालिकेच्या मलनि:सारण केंद्रात जे चालतं तेच जमिनीखाली?

खडूफळा | रविवार, दुपारी १:५५

तत्त्व तेच, शंकासुर. सोसायटीच्या एसटीपीत, म्हणजे मैलापाणी प्रक्रिया प्रकल्पातसुद्धा, आपण जिवाणूंना हवा देतो आणि बाकीचं काम ते करतात. फरक एवढाच की तिथे टाकीला भिंती असतात.

एडिसनचा_पक्या | रविवार, संध्याकाळी ७:१६

मूळचा कळव्याचा, सध्या न्यू जर्सी. इकडे हेच काम करतो, म्हणून राहवलं नाही. सगळे हवा हवा करताहेत. डिझेल-पेट्रोलला ते बरोबर. पण एक जात अशी आहे जिथे हवा दिली तर घात होतो.

ड्रायक्लीनिंग आणि धातूचं ग्रीस काढायला वापरतात ती क्लोरीनवाली द्रावणं, टीसीई (ट्रायक्लोरोएथिलीन) वगैरे. ती पाण्याहून जड, तरंगत नाहीत, तळाला जातात. त्यांच्यावर काम करणारा मुख्य जिवाणू डीहॅलोकोकॉइड्स. नाव अवघड, स्वभाव त्याहून अवघड. प्राणवायू लागला की मरतो. तो टीसीई खात नाही, आपण प्राणवायू श्वासात घेतो तसा तो ते ‘श्वासात’ घेतो आणि एकेक क्लोरीन काढत जातो. शेवटी उरतं एथिलीन, निरुपद्रवी. हे सगळं टोकापर्यंत नेणारा जिवाणू १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी वेगळा काढला. अडचण अशी की वाटेत विनाइल क्लोराइडचा थांबा लागतो, आणि ते मूळ द्रव्यापेक्षा वाईट, कर्करोग करणारं. गाडी तिथेच अडकली तर साफसफाईच्या नावाखाली तुम्ही विष वाढवून ठेवलंत.

गाडी अडकू नये म्हणून इथे खरंच बाहेरून जिवाणू आणून सोडतात. तेव्हा विकतचे जिवाणू म्हणजे थोतांड असा सरसकट निकालही नको. फक्त ते पावडरीच्या पिशवीत येत नाहीत. हवाबंद स्टीलच्या पिंपात, पातळ स्वरूपात येतात, आणि आम्ही ते लहान बाळासारखे जमिनीत उतरवतो. खाद्य म्हणून सोयाबीन तेलाचं दूध किंवा मळी.

शंकासुर | रविवार, संध्याकाळी ७:२३

मळी! आमच्या सांगलीकडे मळी जमिनीत घालतो म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. तिची खरी जागा सगळ्यांना माहीत आहे.

एडिसनचा_पक्या | रविवार, संध्याकाळी ७:३०

:) माझ्या एका जागेवर नववं वर्ष चालू आहे. ड्रायक्लीनरचं दुकान होतं, कॅरमबोर्डएवढ्या डागापासून सुरुवात झाली असेल. मनीप्लांट, तीन महिन्यांची हमी देणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

मनीप्लांट | सोमवार, रात्री ९:५०

फिटरकाका, तुमच्या प्रश्नांनी दिवसभर पोटात गोळा आहे.

जनरेटर सी विंगच्या मागे. डिझेलची टाकी पूर्वी त्याच खोलीत होती, आता भिंतीपलीकडे. मधला बारा फूट पाइप जमिनीखालून जातो. आणि फेब्रुवारीत आम्ही त्याच पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. बोअर तिथून साधारण २५ फुटांवर.

जुना_फिटर | सोमवार, रात्री १०:०६

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप असणार. पेव्हर बसवताना खाली कॉम्पॅक्टर मारतात, त्याने जुना जॉइंट हलतो. टिपूस टिपूस गळत राहतं आणि वरून काही दिसत नाही. डिझेलचं रजिस्टर काढा. सेट किती तास चालला, किती लिटर आणलं, टाकीत आज किती आहे. ६२ केव्हीएचा सेट असेल तर अर्ध्या-पाऊण लोडला तासाला दहा लिटर धरा. हिशेब लागला तर मी चूक.

शंकासुर | सोमवार, रात्री १०:११

हिशेब न लागण्याची दुसरी कारणंही असतात काका. वॉचमनच्या मेहुण्याचा टेम्पो वगैरे.

जुना_फिटर | सोमवार, रात्री १०:१९

असतात. पण वॉचमनचा मेहुणा बोअरमध्ये तवंग सोडत नाही. गरिबावर आधी संशय घ्यायची सवय चांगली नाही.

मनीप्लांट | बुधवार, रात्री ११:०२

कॉमर्सची असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

जानेवारीपासून सेट चालला १४ तास. आणलं ३८० लिटर. तासाला दहाप्रमाणे खर्च १४० लिटर. टाकीत आज ६०. उरलेले १८० लिटर कुठे गेले?

आज प्लंबर आणून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले आणि पाइपात हवा भरून दाब लावला. पाच मिनिटांत काटा खाली. चार ब्लॉक उचलले, खालची रेती काळी आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. (काही पाणी वासामुळे नव्हतं. सहा महिने मी एमआयडीसीच्या नावाने प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोटं मोडत होते.)

पाइप बंद केला. बोअरच्या मोटरला कुलूप लावलं, चावी माझ्याकडे. आता पुढे?

पारसिक | गुरुवार, सकाळी ७:१०

अर्धं काम झालं. उगम चालू असताना केलेली कुठलीही सफाई म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. आता क्रम असा धरा. आधी पाणी तपासा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत: तेलाचे एकूण घटक, बेंझीनचा गट, सल्फेट, क्षार. डिझेलमध्ये बेंझीन पेट्रोलपेक्षा कमी असतं, पण पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादाच लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. कुणी त्या पाण्याने चूळ भरत नसेल अशी आशा.

मग पाइपाखालची माती जिथवर वास येतो तिथवर काढा. सहा-आठ फुटांत मुरूम लागेल. त्याखाली उरलेल्यासाठी हवेचा पाइप. आणि बोअरच्या तोंडापाशी केसिंगभोवती सिमेंट.

खडूफळा | गुरुवार, सकाळी ८:०२

काढलेली माती कुठेतरी फेकून देऊ नका, खाडीकडे तर अजिबात नको. तेलाने भिजलेली माती हा घातक कचरा ठरू शकतो, आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून लेखी घ्या. त्यांनी आवारातच उपचार करू दिला तर जाड प्लॅस्टिकवर फूट-दीड फूट उंचीचा थर, त्यात कुजलेलं शेणखत, ओल हाताला लागेल इतपत, आठवड्यातून एकदा फावड्याने वर-खाली, पावसात झाकण. डिझेलचा मोठा भाग काही महिन्यांत उतरतो. जड, डांबरासारखे घटक मागे राहतात, ते चिवट असतात. शेवट वासावर ठरवू नका, नमुना पुन्हा तपासा.

रामभरोसे | गुरुवार, सकाळी ८:४५

आणि ज्यांच्या शेजारी खरोखरच कारखाना आहे त्यांनी काय करायचं? त्यांनी आपल्या अंगणात शेणखत पसरायचं का?

पारसिक | गुरुवार, सकाळी ९:२५

रास्त प्रश्न. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळाने ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा. त्या वेळी देशात १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू होतं फक्त सात ठिकाणी. शहरी कचऱ्याची डम्पिंग ग्राउंडं, खाणी, समुद्रातलं तेल या नियमांत येत नाही. नियम आहेत म्हणून अर्ज करता येतो, एवढं तरी झालं.

बावखाडी | गुरुवार, रात्री ८:३०

मी वाचत होतो गप्प. मनीप्लांट ताईंचं डिझेल त्यांच्याच घरचं निघालं, बरं झालं. पण त्यावरून एमआयडीसी सुटली असा निकाल कुणी काढू नका.

आम्ही घणसोली गावठाणातले. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) एमआयडीसी आली ती माझ्या आजोबांच्या वेळी, साठच्या दशकात. नंतर सिडकोने भातशेती आणि मिठागरं घेतली. आजी सांगायची, आधी खाडीच्या मासळीला वास आला, बोईट शिजायला टाकला की घरभर रॉकेल. मग ती एक दिवस म्हणाली, “बावीचा पानी नासला.” तेव्हापासून ती बाव, म्हणजे विहीर, बंद आहे, वर जाळी टाकलीय. आता त्याच खाडीत लोक फ्लेमिंगो बघायला बोटीने जातात, २०२२ मध्ये तिला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. आनंद आहे. आमच्या बावीला कसला दर्जा आहे ते कुणी सांगावं.

विचारायचं कारण: आमच्या पाण्याला रॉकेलचा वास नाही. तवंग नाही. अंड्यांचाही नाही. गोडसर वास आहे, दवाखान्यासारखा. बादली उन्हात ठेवली की निघून जातो. गावच्या पोरांना वाटतं पाणी सुधारलं.

एडिसनचा_पक्या | गुरुवार, रात्री ८:५२

बावखाडी, ते पाणी कुणी वापरतं का? अंघोळीला, भांड्यांना?

बावखाडी | गुरुवार, रात्री ८:५५

म्हशी धुतात दोघंजण. गणपतीत मंडपाला मारलं होतं.

एडिसनचा_पक्या | गुरुवार, रात्री ९:२०

उद्यापासून थांबवा. वासावरून निदान करत नाही, पण गोडसर, क्लोरोफॉर्मसारखा, उन्हात उडून जाणारा वास म्हणजे क्लोरीनवाली द्रावणं तपासलीच पाहिजेत. पालिकेच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे गढूळपणा, कॉलिफॉर्म, क्षार, यांत हे सापडणार नाही. प्रयोगशाळेला ‘बाष्पशील सेंद्रिय संयुगं’ असं लिहून मागा. आणि शेणखत, हवा, खत, यांतलं काहीही त्या विहिरीत टाकू नका. वर हवेचं सांगितलंय ते तुमच्यासाठी नाही.

जुना_फिटर | गुरुवार, रात्री ९:३४

पाणी जरा पिवळट दिसतं का तेही बघा. प्लेटिंगवाल्यांचं क्रोमियम असलं तर पिवळी झाक येते. धातू जिवाणूंना खाता येत नाही. विषारी क्रोमियमचं कमी विषारी करून ते मातीत बसवू शकतात, पण धातू जागच्या जागीच राहतो. तुर्भ्याला आमच्या लाइनीत असे दोन गाळे होते. नाल्याचा रंग बघून वार कळायचा.

मनीप्लांट | रविवार, रात्री ९:०५

सभा झाली. विक्रेता स्वतः आला होता. पाइपाची गोष्ट ऐकल्यावर म्हणाला, मग तर आमची पावडर अजून छान चालेल, आणि भाव ७२ हजारांवर आणला. ए विंगचे काका शेवटपर्यंत त्याच्या बाजूने होते, कारण पावडरीवर परदेशी झेंडा आहे. ठराव झाला: पाइप वरून, उघडा टाकायचा, माती मंडळाला विचारून काढायची, ब्लोअरचं कोटेशन घ्यायचं. पारसिक, तुमच्या ३५ टँकरांनी सभा जिंकली. पाण्याचा अहवाल दहा दिवसांनी येईल, इथेच टाकते.

बावखाडी, तुमच्या तपासणीचा खर्च किती? आमच्या ७२ हजारांतले काही वाचलेत असं मी कमिटीला सांगू शकते.

बावखाडी | रविवार, रात्री ९:४०

ताई, ते बघू नंतर, गावकीतून होतील जमा. आधी नमुना नीट कसा घ्यायचा ते सांगा. बिसलेरीच्या बाटलीत चालेल?

एडिसनचा_पक्या | रविवार, रात्री १०:०१

अजिबात नाही. प्लॅस्टिक नको. प्रयोगशाळा काचेच्या लहान कुप्या देते, झाकणाला आतून रबरासारखी चकती असते. तोंडापर्यंत भरायची, पाण्याला वर फुगवटा येईल इतकी, मग झाकण. उलटी करून बघायची, एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुड्यात जी हवा असते तिच्यातच ते द्रव्य पळतं. लगेच बर्फात.

बावखाडी | मंगळवार, सकाळी ६:५०

तीन कुप्या भरल्या. पहिल्या दोनदा बुडबुडा राहिला, म्हणून फेकून परत भरल्या. मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ठेवल्यात. जाळी उचलली तेव्हा शेजारच्या म्हातारीने विचारलं, बाव पुन्हा सुरू करता का? मी म्हटलं, नाही, नुसतं बघतोय. ७:२२ची पनवेल लोकल पकडतो.